गावचे वाचनालय आणि हातातला फोन



आज आपण वाचनालयाविषयी चार गोष्टी बोलू. तुम्ही म्हणाल, "वाचनालयात आता कोण जातं? हवं ते फोनवर मिळतं की!" हा प्रश्न आम्हाला गावोगाव ऐकू येतो. तो खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

आधी हे पाहू, की वाचनालय आले कुठून.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. आपल्या राज्यातल्या अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. पुढे नाशिक, पुणे, कोल्हापूर इथेही वाचनालये निघाली. पण ही सगळी शहरात होती, आणि आधीच शिकलेल्यांसाठी होती. खेड्यातल्या माणसाच्या दारी पुस्तक आले नव्हते.

ते ज्यांनी आणले, त्यांत एक मोठे नाव सयाजीराव गायकवाडांचे. नाशिक जिल्ह्यातले कवळाणे हे त्यांचे गाव. शेतकऱ्याच्या घरातलं पोर. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे त्यांनी त्यानंतर गिरवली. उशिरा शिकलेल्या माणसाला शिकण्याची किंमत जास्त कळते, हे तुम्हाला सांगायला नको.

१९०६ साली या राजाने आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण मुलगा शाळा सोडून नांगर धरतो, आणि शिकलेले विसरून जातो. मग शाळेवरचा खर्च वाया जातो. यावर उपाय काय? तर गावात वाचायला काहीतरी असले पाहिजे. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे जाणकार गृहस्थ बोलावले. बडोद्यात मोठे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तालुक्यांत आणि खेड्यांत वाचनालये निघाली. फिरती वाचनालयेही निघाली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या पेट्या गावोगाव पाठवत. लोक पुस्तके वाचून होत, मग ती पेटी परत जाई आणि दुसरी येई.

आणखी एक गोष्ट ऐका. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी या ग्रंथालय खात्याने चित्रे दाखवणारी यंत्रे ठेवली होती. त्या काळी ती नवी नवलाई होती. म्हणजे नवे यंत्र आले म्हणून वाचनालय घाबरले नाही. त्याने यंत्राला आपल्या कामाला लावले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. अ, ब, क आणि ड असे वाचनालयांचे चार वर्ग ठरले. आज राज्यात अशी हजारो वाचनालये आहेत. काही छान चालतात. काहींच्या दाराला मात्र दिवसचे दिवस कुलूप असते. कपाटात पुस्तके असतात, पण ती उंदीर आणि वाळवी वाचते.

आता फोनकडे येऊ.

फोन वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नव्हे. वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. पहिला खंड १९७६ साली निघाला. एकेक खंड उचलायला जड. खेड्यातल्या वाचनालयाला ते सगळे घेणे परवडत नसे. आज तेच खंड फोनवर फुकट वाचता येतात. २०१८ साली देशासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले झाले. त्याचे काम खरगपूरची आयआयटी पाहते. त्यात लाखो पुस्तकांचा आणि लेखांचा पत्ता लागतो. सयाजीरावांच्या पेटीत मोजकी पुस्तके मावत. आज खिशातल्या पेटीला तळ नाही.

मग वाचनालय कशाला हवे? आम्ही तीन कारणे सांगतो.

पहिले कारण अक्षरांचे आहे. पूर्वी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. मग तुम्ही वर्गात आलात, दिवसभर राबून रात्री पाटी धरलीत, आणि सही करू लागलात. आता तोच अंगठा फोनच्या काचेवर सरकतो. एक चित्र जाते, दुसरे येते. माणूस बोलतो, आपण ऐकतो. वाचायची गरजच पडत नाही. असे सहा महिने गेले, की जोडाक्षर अडते. वर्ष गेले, की पाटी वाचताना जीभ अडखळते. विळा खुंटीला टांगून ठेवला तर गंजतो. अक्षराचेही तसेच आहे.

ही भीती आजची नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर झाली. पण शिकलेले टिकले पाहिजे, हे चालकांना ठाऊक होते. म्हणून नवसाक्षरांसाठी फिरत्या पुस्तकांची सोय केली होती. शिकणे हे पेरणीसारखे आहे. पेरून घरी बसले तर पीक येत नाही.

दुसरे कारण खऱ्याखोट्याचे आहे. फोन खरेही आणतो, खोटेही आणतो. दोन्ही एकाच पिशवीतून येतात, आणि वरून सारखेच दिसतात.

१ जुलै २०१८ ची गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजाचे पाच जण गावात आले. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश फोनाफोनी फिरत होते. लोकांना संशय आला. बघता बघता जमाव जमला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि मारून टाकले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. पाच घरांतली कर्ती माणसे गेली, ती एका अफवेपायी.

गावात वाचनालय असते तर हे टळलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे ठरेलच असे नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की गावात एक जागा अशी हवी, जिथे माणूस म्हणेल, "थांबा. आधी बघू, हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कुठल्या गावचं आहे? वर्तमानपत्रात आलंय का? पोलीस ठाण्यात विचारलंय का?" हे पाच प्रश्न विचारायची सवय एका दिवसात लागत नाही. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांना ती हळूहळू लागते. एकट्याने फोन बघताना ती लागत नाही. तिथे आपण, आपला राग आणि आपली भीती, एवढेच असतात.

तिसरे कारण सगळ्यांच्या वाट्याचे आहे. फोन ज्याचा त्याचा असतो. घरात एकच चांगला फोन असेल, तर तो बहुधा घरधन्याच्या खिशात असतो. सुनेच्या हाती तो किती वेळ येतो? सासूच्या हाती किती? ज्याच्याजवळ रिचार्जला पैसे नाहीत, त्याने काय करायचे? वाचनालय गावाचे असते. तिथल्या बाकावर पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा शेजारी बसतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना घरी दिवा असतो, पण शांतता नसते. त्यांना पुस्तकाइतकीच बसायच्या जागेची गरज असते.

तर मंडळी, वाचनालयाची गरज संपलेली नाही. त्याचे काम मात्र बदलले आहे. रंगनाथन नावाचे एक थोर ग्रंथपाल होऊन गेले. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्याआधी ते गणित शिकवत. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यातला पहिला. ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे, हा शेवटचा. जे वाढते ते बदलते. गावच्या वाचनालयालाही हे लागू आहे.

आता आजच्या वाचनालयाने काय करावे, ते सांगतो.

पहिले काम. आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचन करावे. वर्तमानपत्रातली एक बातमी आणि पुस्तकातली दोन पाने. ज्याला नीट वाचता येते त्याने सुरुवात करावी. मग नव्याने शिकलेल्याने दोन ओळी वाचाव्या. अडला तर कोणी हसू नये. आपल्याकडे देवळात पोथी लावतात. एक वाचतो, गाव ऐकते. ही रीत आपल्याला नवी नाही.

दुसरे काम. वाचनालयात एक संगणक किंवा एक मोठा फोन सर्वांसाठी असावा, आणि तो चालवायला शिकवणारे माणूस असावे. समजा, एका शेतकऱ्याला आपला सातबारा पाहायचा आहे. आता डिजिटल सहीचा सातबारा फोनवर निघतो. पण निघाला म्हणजे वाचता आला असे नाही. नाव बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? इतर अधिकारांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे का? फेडलेले कर्ज अजून तिथेच लिहिलेले तर नाही ना? हे शेतकऱ्याने स्वतः वाचले पाहिजे. नाहीतर कागद हातात, आणि भरवसा दुसऱ्याच्या तोंडावर.

तिसरे काम. फसवणुकीपासून सावध करावे. "बँकेतून बोलतो, ओटीपी सांगा," असा फोन आला, तर ओटीपी सांगू नये. बँक कधीही तो मागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. ही माहिती वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. वाचणाऱ्याला ती कामाची, आणि शिकणाऱ्याला तो धडाही.

चौथे काम. बायकांसाठी वेळ राखून ठेवावी. संध्याकाळी पुरुष पारावर बसतात, तेव्हा बाई चुलीपुढे असते. तिला दुपारी दोन ते चार ही वेळ सोयीची. त्या वेळी वाचनालय उघडे हवे. किल्ली बचत गटाच्या बायांकडे दिली तरी चालेल. आम्हाला तर वाटते, त्यांच्याकडेच ती जास्त नीट राहील.

पाचवे काम. गावचे जे आहे ते जपावे. जात्यावरच्या ओव्या आजीला पाठ असतात. आजी गेली की ओव्याही जातात. जुन्या विहिरीचा, धरणाचा, दुष्काळाचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. मुलांनी तो फोनवर आवाजात भरून घ्यावा, मग वहीत उतरवावा, आणि ती वही वाचनालयाच्या कपाटात ठेवावी. फोन इथे फार उपयोगी आहे. जगातले सगळे फोनवर मिळेल, पण तुमच्या आजीची ओवी तुम्ही ठेवलीत तरच मिळेल.

तुम्ही म्हणाल, "हे बोलायला ठीक. गावाला पुस्तकांचं वेड कुठं असतं?" सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाकडे पाहा. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यामधले हे गाव स्ट्रॉबेरी पिकवते. २०१७ सालच्या मे महिन्यात ते पुस्तकांचे गाव झाले. सरकारने पुस्तके आणि कपाटे दिली. गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या आणि ओसऱ्या दिल्या. एका घरात कथा, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास. कोणीही यावे, बसावे आणि वाचावे. सगळ्या गावांना हे जमेल असे नाही. पण एक ओसरी, एक कपाट, दोन बाकं आणि रोज उघडणारे एक दार, एवढे तर जमेल?

दार रोज उघडणे, हेच सगळ्यांत अवघड काम आहे. इमारत बांधायला देणगी मिळते. पुस्तकांना अनुदान मिळते. पण संध्याकाळी किल्ली घेऊन येणारा माणूस कुठल्याही योजनेत मिळत नाही. तो गावालाच द्यावा लागतो. आणि दार उघडले, तर आत जाणारे कोणीतरी लागते. ते तुम्ही आहात.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. येत्या बाजारच्या दिवशी बाजारहाट झाला, की वाचनालयात जा. कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. ग्रामसभेत उठून विचारा. वाचनालयच नसेल, तर शाळेच्या गुरुजींना भेटा, चार जण मिळून ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. तो अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तुम्ही स्वतः लिहा. ओळी वाकड्या झाल्या तरी चालतील. खाली सही मात्र आपल्या हाताने करा.