ग्रंथालयाचा वाटा
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



गावात शाळा असावी व तिचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. ग्रंथालयाचा विषय निघाला म्हणजे मात्र आपली दृष्टी एखाद्या दात्याच्या औदार्याकडे वळते. हा भेद योग्य नव्हे. चौथी-सातवीनंतर शेतीत वा संसारात गुंतलेल्या मुलामुलींच्या हाती पुस्तक पडले नाही, तर शाळेने दिलेले अक्षर चार वर्षांत पुसट होते आणि शाळेवरील खर्चही वाया जातो. म्हणून ग्रंथालयाचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च होय.

खानदेशास ग्रंथांचे प्रेम नवे नाही. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणूनच ती ग्रंथरूपाने राहिली. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. परंतु शहरात जे रुजले, ते सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

त्यासाठी पैसा कोठून यावा? मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात उपकर नाही. शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लक्ष रुपये घालावेत, एवढे बंधन आहे. त्याहून अधिक जे मिळते, ते शासनाच्या इच्छेवर व लोकांच्या मागणीवर अवलंबून राहते. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. महिन्याचा हिशेब केला तर हे ४ हजार रुपये होतात. त्यांत ग्रंथपालाचे वेतन, वृत्तपत्रे, नवे ग्रंथ व दिवाबत्ती हे सारे भागवावयाचे!

अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के मिळते. उरलेला दहावा हिस्सा संस्थेने उभा करावयाचा असतो. हा हिस्सा ओझे वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालये काढली, ती याच तत्त्वावर. एक हिस्सा गावाने जमवावा, तेवढाच प्रांत पंचायतीने व तेवढाच सरकारने द्यावा, असा नियम होता. गावाचा हिस्सा असला म्हणजे वाचनालय गावाचे होते.

हे तत्त्व धुळ्याच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. पांझरेच्या काठची फड बागायत अशीच चालत आली. बंधारा सर्वांचा, पाण्याची वाटणी ठरलेली आणि पाट साफ करण्यास सर्वांनी यावयाचे. पाट गाळाने भरला, तर बंधाऱ्यात पाणी असूनही शेत कोरडेच राहते. सरकारी निधीचेही तसेच आहे.

हा पाट मोकळा ठेवण्याच्या कामी आपण शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, ग्रामपंचायतीच्या कायद्यात वाचनालय हे पंचायतीच्या कामांपैकी एक काम म्हणून नमूद आहे. ही गोष्ट ग्रामसभेत मांडावी आणि वार्षिक अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र रक्कम लिहून घ्यावी. ती अल्प असली तरी चालेल. दुसरी, जेथे मान्यताप्राप्त वाचनालय आहे, तेथे देवघेवीची नोंदवही व हिशेब चोख राहतील असे साह्य करावे. कपाटास कुलूप लावून ठेवलेल्या ग्रंथांसाठी अनुदान मागण्यास तोंड उरत नाही. तिसरी, शाळा सोडलेल्या मुलींची यादी करावी व त्यांच्या घरी पुस्तक पोहोचते की नाही, हे पाहावे. वाढीव निधीची मागणी करताना या यादीइतका बळकट पुरावा दुसरा नाही.

शासनाने अधिक द्यावे, हे आपण म्हणत राहिलेच पाहिजे. ते म्हणताना आपल्या गावाचा दहावा हिस्सा हाती तयार असावा, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.