पाणी मुरतंय कुठं?

हिशेब लागत नसला, की आपण मराठीत म्हणतो, 'कुठंतरी पाणी मुरतंय.' वहीत जमा दिसतं, खर्च दिसतो, पण पेटीतली रक्कम काही जुळत नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अगदी शब्दशः मुरणाऱ्या पाण्याबद्दल. मोटारीचं इंजिन थंड ठेवणारं पाणी, ज्याला आता सगळेच कूलंट म्हणतात, ते आमच्या गाडीतून दर पंधरा-वीस दिवसांनी कमी होत असे. बॉनेटखालच्या पांढऱ्या बाटलीत वरच्या खुणेवर असलेली पातळी खालच्या खुणेला टेकायची. आणि गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. ही गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यातली.

तुम्ही म्हणाल, वाटीभर पाण्याचं एवढं काय? घालावं आणि पुढं जावं. पण आमच्या आईच्या डोळ्याच्या पडद्याला त्या वर्षी दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागे. ती साताऱ्याला, डॉक्टर पुण्यात. तारीख चुकली तर दृष्टी आणखी कमी होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिला आणायला जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, येताना बोगद्यातून यायचं. घाटात इंजिन तापून गाडी उभी राहिली, तर पुढचं सगळंच अवघड. त्यात तापमानाच्या काट्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पाणी फारच कमी झालं आणि ते मोजणारा सेन्सर उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा खुशाल खाली दिसू शकतो.

मुळात हे पाणी कमी का होऊ नये, ते आधी सांगतो. ही सगळी व्यवस्था बंद असते. पंप पाणी इंजिनातून फिरवतो, रेडिएटरमध्ये ते निवतं आणि परत येतं. तापल्यावर फुगलेलं पाणी बाटलीत जातं, गार झाल्यावर तेच आत ओढलं जातं. आणि हे सगळं चालतं दाबाखाली, थेट आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरसारखं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. आमच्या झाकणावर ०.९ हा आकडा होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोपर्यंत ते दाब धरून ठेवणार. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, त्यामुळं तो आकडा आणखी वर जातो. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

तेव्हा पहिला संशय झाकणावर. त्याचं रबर कडक झालं, तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. झाकण स्वस्त असतं, बदलून टाकलं. फरक शून्य.

मग मी बाटलीवर मार्करनं रेघ मारायला सुरुवात केली. शेजारी तारीख आणि किलोमीटरचा आकडा. हा उद्योग पोरकट वाटेल, पण फार उपयोगी पडतो. काही गळत्या थंडीच्या असतात. रात्री रबरी पाइप आकसतो, क्लिपखाली बारीक फट पडते, सकाळी इंजिन तापलं की ती बुजते. अशा गाडीचं पाणी उभ्याउभ्याच जातं. काही गळत्या गरमीच्या. दाब चढला की थेंब सुटतो, तापलेल्या लोखंडावर पडतो आणि जमिनीवर पोचण्याआधीच त्याची वाफ होते. मागे उरते ती फक्त पांढरट-हिरवी पापडी. आमची गाडी एकदा आठ दिवस जागची हलली नाही, तर पातळी केसभरही उतरली नव्हती. म्हणजे पाणी जात होतं ते गाडी चालताना. मग पापडीचा शोध. पाइपांची टोकं पाहिली, पंपाखालचं ते बारीक भोक पाहिलं. पंपाचं सील गेलं की त्याची खबर तिथून मिळावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. सगळीकडे कोरडं.

दरम्यान गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणानं बॉनेट वर केलं, बाटली पाहिली आणि निकाल दिला, 'हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल, बावीस हजारांपर्यंत खर्च येईल.' आता हेड गॅस्केट जातं, नाही असं नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं आणि बाहेर थेंब दिसत नाही. पण त्याच्या खुणा असतात. धुराला गोडसर वास, ऑइल दुधाळ, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ प्रत्येक गाडी सोडते, तेवढ्यावरून आजार ठरत नाही. जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतोय का, हे पाहणारं एक निळं द्रावण मिळतं. वायू असला की ते पिवळं पडतं. ती चाचणी करून पाहा म्हटलं, तर तो म्हणाला, 'हेड उघडल्यावर कळेलच ना!' मी गाडी परत घेऊन आलो.

सल्ले द्यायला लोक असतातच. गळती बुजवणारी पावडर टाका, असं एकानं सुचवलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमननं ट्रकवाल्यांची हळद सांगितली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं, हे खरंही आहे. पण जे भोक बुजवतं, ते बारीक नळ्याही बुजवतं. आडरानात अडकलेल्या माणसानं ती टाकावी, घरी बसलेल्यानं नाही, असं माझं मत आहे.

शेवटी गेलो ते पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे. त्यांनी गाडी रात्रभर स्वतःकडे ठेवून घेतली. सकाळी इंजिन गार असताना झाकण काढून त्या जागी एक हातपंप बसवला, त्यावर घड्याळासारखा दाबमापक. पंप मारून काटा ०.९ वर आणला आणि म्हणाले, 'बसा साहेब, चहा घ्या.' वीस मिनिटांत काटा ०.६ वर उतरला. गळती होती, आणि इंजिन बंद असताना होती. बॅटरी घेऊन ते गाडीखाली आडवे झाले, कुठं टिपूस नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये पाहिलं, तेही कोरडे. मग उठून हात पुसत त्यांनी माझ्या पत्नीला विचारलं, 'वहिनी, तुम्ही डाव्या बाजूला बसता ना? पायाखाली ओल लागते का?'

ती म्हणाली, 'लागते की. पण पावसाचे दिवस, छत्री तिथंच ठेवतो आपण.'

त्यांनी मॅट बाजूला केली, कार्पेटची कड उचलली आणि खालचा जाड फेल्ट पिळला. हातात हिरवं, चिकट पाणी आलं. एसीचं पाणीही याच बाजूला झिरपू शकतं, पण ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि बोटांना चिकटत नाही. हे बोटांत तेलासारखं बुळबुळीत लागत होतं. सकाळी समोरच्या काचेवर आतून एक तेलकट धुरकट थर यायचा, फडक्यानं पुसला तरी फराटे उरायचे, त्याचाही उलगडा तिथंच झाला.

चोर होता हीटर. पुण्यात गाडीचा हीटर कितीसा लावतात? पण आपण लावला नाही म्हणून त्यात पाणी येत नाही, असं मात्र नाही. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत इंजिनातलं गरम पाणी त्यातून बारा महिने फिरत असतं. बटण फिरवून आपण फक्त हवेची वाट उघडतो किंवा बंद करतो. कोर ॲल्युमिनियमचा. गाडी आम्ही जुनी घेतलेली, आणि आधीच्या मालकाच्या घरी बोअरचं पाणी. रेडिएटरमध्ये तेच जात असे, हे त्यांनीच पुढं सहज बोलताना सांगितलं. क्षारांच्या पाण्यानं कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं आणि धातू आतून खाल्ला जातो.

कोर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन दिवसांचं काम. आईची तारीख तीन दिवसांवर आलेली, आणि नवा कोर मिळायला आठवडा लागणार होता. मिस्त्रींनी कोरकडे जाणारे दोन्ही पाइप इंजिनाच्या बाजूनंच काढले आणि एका वाकड्या नळीनं एकमेकांना जोडून टाकले. तासाभराचं काम. पुन्हा दाब दिला, काटा अर्धा तास जागचा हलला नाही. त्यावर आम्ही साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकीत माझं निम्मं लक्ष काट्यावर होतं, पण तो मध्याच्या वर गेला नाही आणि आईला इंजेक्शन वेळेवर मिळालं.

तसंच वर्षानुवर्षं चालवणारेही आहेत. मला ते पटलं नाही. घाटात पावसानं काच धुकटली की गरम हवा हवीच. शिवाय इंजिन तापू लागलं, तर हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता केबिनमध्ये काढता येते. आपल्याला घाम फुटतो, पण इंजिनाला तेवढाच आधार मिळतो. म्हणून गणपतीनंतर नवा कोर बसवला. सामान आणि मजुरी मिळून साडेसहा हजार. कार्पेट आणि फेल्ट बाहेर काढून कोमट पाण्यानं तीनदा धुतलं. ते हिरवं पाणी मात्र अंगणात ओतू दिलं नाही. चवीला ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यानं मरतात.

जुना कोर मिस्त्रींनी पाण्याच्या बादलीत बुडवला, एक तोंड अंगठ्यानं दाबलं आणि दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा मारली. खालच्या कोपऱ्यातल्या एकाच नळीतून, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून, बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली.