धिऱ्याचे प्रयोजन
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



भिंतीस बाहेरून बांधून काढलेल्या भक्कम दगडी आधाराला आपण धिरा म्हणतो. तो भिंतीचे ओझे उचलतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ओझे भिंत स्वतःच पेलते. धिरा थोपवितो तो आडवा रेटा. कमानदार छत खाली दाबते, तसेच ते भिंतींना बाहेरही लोटते.

वर्गात हे सहज दाखविता येईल. दोन मुलांनी समोरासमोर उभे राहून, तळहातास तळहात लावून एकमेकांवर रेलावे. त्यांचे पाय मागे सरू लागतील. दुसऱ्या दोघांनी त्यांच्या टाचांमागे पाय रोवले की ही कमान टिकते. हे मागचे पाय म्हणजेच धिरे होत.

फ्रान्समधील शार्त्र येथील चर्च ११९४ च्या आगीनंतर नव्याने उभारले गेले. त्याचे छत सुमारे ३७ मीटर उंच आहे. गवंड्यांनी धिरे भिंतीपासून दूर उभारले व अर्धकमानींनी ते भिंतीच्या वरच्या भागास जोडले. छताचा रेटा या कमानींतून धिऱ्यात जातो आणि धिऱ्याच्या वजनाने खाली वळून पायात उतरतो. भिंत अशी मोकळी झाल्यामुळेच तिच्यात प्रशस्त खिडक्या बसविता आल्या. बोव्हे येथे हेच छत सुमारे ४८ मीटरांवर नेले. १२८४ साली त्याचा काही भाग कोसळला आणि मधल्या जागी नवे खांब घालून ते सावरावे लागले. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या उत्तर अंगासही धिरे पाहावयास मिळतात.

आपल्या शाळांना असे छत नसते. पण रेटा असतो. उतरत्या छपराची आडवी तुळई कुजली, तर वासे भिंतीला बाहेर लोटू लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी ओळंबा सोडून भिंत तपासावी. ती कलली वा फुगली असल्यास तिच्याकडेला मुले बसवू नयेत; तत्काळ लेखी कळवावे. धिरा बांधणे ठरलेच, तर त्याला स्वतंत्र व पक्का पाया हवा आणि त्याचे दगड भिंतीत सांधमोड करून गुंतविलेले हवेत. नुसता रचलेला दगडांचा ढीग म्हणजे धिरा नव्हे.

भिंत बोलत नाही. तिचा कल ओळखणे हे आपले कर्तव्य होय.