मालमोटारीच्या अंगावरची अक्षरे



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर बोलणारी विद्वान मंडळी आपण ऐकली आहेत. आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही. पुढचे जे शिक्षण झाले ते मालमोटारीच्या फाळक्याशी उभे राहून. क्लीनर म्हणून कामाला लागलो, तेव्हा इंग्रजी अक्षरे ओळखावयास शिकलो ती नंबराच्या पाटीवरून, आणि इंग्रजी आकडे शिकलो ते दाराखाली रंगवलेल्या वजनावरून. म्हणून व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा असे चालकांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हटले, जे वाचून शहाणे झालो त्यावरच बोलू.

आपण धानपट्ट्यातली माणसे. हंगामात आपल्या रस्त्यावरून साकोलीकडे आणि लाखांदूरकडे दिवसरात्र गाड्या धावतात. त्यांच्या अंगावर काय लिहिले आहे हे आपल्यापैकी किती जण वाचतात? पोलिसासाठी असेल, आपल्याला काय करावयाचे, अशी आपली समजूत. ही समजूत महागात पडते.

पहिली गोष्ट पाटीच्या रंगाची. आमच्या तरुणपणी खाजगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पांढरी असत. आता खाजगी गाडीची पाटी पांढरी आणि भाड्याने धंदा करणारीची पिवळी; अक्षरे दोन्हींवर काळी. विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवी, पण धंद्याच्या गाडीची अक्षरे पिवळी. एमएच ३६ म्हणजे भंडारा, ३५ म्हणजे गोंदिया, हे येथे शेंबडे पोरही सांगेल. पिवळ्या रंगाचा अर्थ मात्र एवढाच नाही की ही गाडी भाड्याने मिळते. तिला ठराविक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तिचा विमा वेगळा, कर वेगळा. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात भाडे मारते तेव्हा यातले काही तिच्यामागे नसते.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५८ वे कलम असे सांगते की, मालमोटारीचे रिकामे वजन, भरल्या गाडीचे कमाल वजन, प्रत्येक आसावरचे वजन आणि टायरांचा तपशील नोंदणीपुस्तकात लिहावा, आणि मालकाने तोच तपशील गाडीवर दिसेल असा मांडावा. दाराखालचे ते आकडे कोणा रंगाऱ्याची हौस नव्हे. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा करा, गाडी किती माल उचलू शकते ते निघते. आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती गाडी २००५ साली बाजारात आली. पाऊण टनाची अशी गाडी घ्या. चाळीस किलोचे अठरा कट्टे म्हणजे ७२० किलो. एकोणिसावा कट्टा टाकला की ७६०. आणि आम्ही याच रस्त्यावर तीस-तीस कट्टे मोजले आहेत! ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परवान्याची गरज कायद्याने ठेवलेली नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा केला की, तिला वजनाचीही मर्यादा नाही.

हा आकडा चालकाचे कसे रक्षण करतो ते सांगतो. २०१९ पूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक चालक जादा धानासह काट्यावर पकडला गेला. मालकाने न्यायालयात सरळ हात वर केले: मला ठाऊक नाही, पोराने लोभाने भरले असेल. पोराला महिन्याचा पगार बांधलेला. जादा भाड्यातला एक पैसा त्याच्या हाती पडत नव्हता, मग लोभ कसला? आम्ही कायद्याचे पुस्तक बगलेत मारून गेलो. ११३ व्या कलमात शेवटी एक लहानसे वाक्य आहे. जादा वजनाची गाडी चालवणारा जर मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय धरून चालू शकते. वकीलसाहेबांना ते वाक्य आम्ही बोट ठेवून दाखवले. न्यायाधीशांनी मालकाला एकच प्रश्न विचारला, गाडीवर वजन कोणी रंगवले? मालक म्हणाला, मी. दंड मालकाने भरला. तेव्हा तो दोन हजार आणि जादा टनामागे एक हजार होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो वीस हजार आणि टनामागे दोन हजार झाला आहे. तेव्हा चालकांनो, कुणी म्हटले ‘घाल अजून दहा कट्टे’, तर ते चार माणसांदेखत म्हणवून घ्या.

आता आमच्याच चुकीची गोष्ट. सांगावयास लाज वाटते, पण येथे नाही सांगावयाची तर कोठे?

काही वर्षांपूर्वी रोवणीच्या मजुरीसाठी मोर्चा होता. बायका गावोगावच्या. एसटीची वेळ जमेना, म्हणून आम्ही दोन मालगाड्या ठरवल्या. हौद्यात उभ्या राहून बायका घोषणा देत निघाल्या. एका वळणावर मागची गाडी पाटाच्या कडेला कलंडली. जीव कुणाचा गेला नाही. एका बाईचे गळपट्टीचे हाड मोडले, दुसरीच्या मनगटाचे. दोघींचा हंगाम बुडाला. विमा आहेच, अशी आमची भाबडी खात्री. विमावाल्यांनी कागद परत केला, आणि कायद्याने त्यांचे चूक नव्हते. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला विम्याचे संरक्षण आहे. पण नुसती माणसे भरली, तर विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. माणसे ही माल नव्हेत, असे आम्ही जन्मभर सभांतून ओरडत आलो. कायदा तेच म्हणत होता आणि आम्हांलाच ऐकू आले नाही. औषधपाण्यासाठी वर्गणी काढली ती आम्ही, आणि ती पुरली नाही. आजही रोवणीच्या दिवसांत सकाळी सहाला तेच हौदे बायकांनी भरलेले दिसतात. लग्नाच्या वऱ्हाडाचेही तेच.

बिल्टीविषयी थोडक्यात. १८६५ चा इंग्रजांचा वाहतूकदारांचा कायदा जाऊन २००७ चा नवा आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. धंदा म्हणून सर्वांचा माल नेणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि मालाची पावती दिली पाहिजे. माल हरवला वा भिजला तर त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दसपटीपर्यंत. म्हणजे आठशे रुपये भाड्यावर पन्नास हजारांचा तांदूळ पाठवलात, तर हाती आठ हजार. त्याहून जास्त हवे तर माल देतानाच किंमत लिहून, जोखमीचा वाढीव दर भरावा लागतो. आणि दाव्यापूर्वीची नोटीस माल दिल्यापासून १८० दिवसांच्या आत. आमचे व्यापारी बंधू बिल्टी खिशात घालतात, वाचत नाहीत. मग वर्षाने आमच्याकडे येतात.

रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आपण पाहता: पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. चिखलाने माखल्या तर असून नसून सारख्या. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या मागची लाल पट्टी फडक्याने पुसणे हे क्लीनरचे पहिले काम, असे आम्हांला आमच्या उस्तादाने शिकवले होते.

शेवटी ‘नॅशनल परमिट’ या दोन शब्दांविषयी. नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या गाड्यांवर ते पुढेमागे ठळक लिहिलेले असतात. त्या दोन शब्दांच्या पोटात पूर्वी एक नियम होता: अशा गाडीवर चालक दोन हवेत, आणि चालकाच्या मागे गाडीच्या रुंदीइतकी बैठक हवी, दुसऱ्याला पाय पसरून झोपता यावे म्हणून. दुसरा चालक कागदावरच असे, हे आम्हीही जाणतो. पण भांडावयाला कागद तरी होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन चालकांची सक्ती निघाली. त्याच दुरुस्तीने गाडी कोठे आहे हे दाखवणारे यंत्र सक्तीचे झाले. मालकाला घरबसल्या गाडी दिसते. चालकाचे डोळे मिटत आहेत हे त्या यंत्राला दिसत नाही. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा ठरवला होता. तो कायदा २०२० च्या संहितेत विरघळला.

आम्ही मालकांकडे एक मागणी केली. इतके सगळे गाडीवर लिहिता, तर चालकाने चाक किती वाजता हाती धरले तेही लिहा. बहुतेक हसले. एकाने मात्र दाराच्या आतून शाळेतली लहान पाटी ठोकून दिली. चालक तीवर खडूने वेळ लिहितो. गेल्या हंगामात ती गाडी आम्हांला साकोलीच्या नाक्यावर भेटली. पाटीवर लिहिले होते, पहाटे ४. आम्ही घड्याळ पाहिले. रात्रीचे आठ वाजून गेले होते.