नळाची धार बारीक का होते?

बादली भरता भरेना, की आपण थेट प्लंबरला फोन लावतो. त्याआधी घरातले सगळे नळ एकेक करून सोडून बघा.

एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष बहुतेक त्याच्या तोंडाशीच असतो. तिथली गोल जाळी फडक्यात धरून फिरवा, निघून येते. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा, खरखरीत थर दिसेल, तो क्षारांचा. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. परत बसवताना आतलं रबरी वायसर विसरू नका, नाहीतर पाणी बाजूने गळत राहतं.

फक्त गरम पाणी कमी येतंय? गिझरकडे जाणारा कॉक बघा.

सगळेच नळ मंद असतील तर गच्चीवर चला. टाकी धुतल्यावर खाली येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडला जातो, हे मी कितीदा पाहिलंय! टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर पाइपात हवा अडकून नळ फुरफुरतो.

वरच्या मजल्याचं दुखणं मात्र वेगळं. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. टाकी नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असेल, तर त्याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. तिथे टाकी उंच चौथऱ्यावर ठेवावी, नाहीतर प्रेशर पंप बसवावा. पण टाकीनंतरच्या पाइपवर. नगरपालिकेच्या लाइनला थेट मोटर कृपा करून लावू नका. शेजाऱ्याचं पाणी तुटतं, आणि गळक्या जोडांतून गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं.