कडीपाट, माळवद आणि डेक

हल्ली गृहसंकुलांच्या जाहिरातींत ‘वुडन डेक’ हमखास असतो. बैठकीच्या खोलीबाहेर फळ्या ठोकलेला लहानसा सज्जा, दोन वेताच्या खुर्च्या आणि समोर आकाश. आयुष्य बांधकामात गेल्यामुळे मला त्या फळ्यांचं अप्रूप नाही, शब्दाचं मात्र आहे. डेक म्हणजे पायाखालची जमीन असं आपण धरून चालतो. मुळात त्याचा अर्थ होता झाकण, आच्छादन.

इंग्रजांनी हा शब्द डचांकडून घेतला. जहाजाच्या पोटातला माल पावसापासून आणि लाटांपासून झाकायचा, तो डेक. पुढे त्या झाकणावर माणसं वावरू लागली आणि झाकणाची जमीन झाली. जर्मन भाषेत याच कुळातला ‘डेके’ हा शब्द छतालाही चालतो आणि पांघरुणालाही. गवताच्या छपराला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात, तोही याचाच भाऊबंद. भाषातज्ज्ञ हे कूळ मागे नेत नेत ज्या मुळाशी पोचतात, त्याच मुळाशी संस्कृतातला ‘स्थग्’ धातूही जोडतात. स्थग् म्हणजे झाकणं, लपवणं. आपला ‘ठग’ तिथूनच आला. पुण्यातल्या डेक्कनचा मात्र यात काही संबंध नाही. ते बिचारं ‘दक्षिण’वरून आलंय.

आपल्याकडे या रचनेला स्वतःचा नेटका शब्द आहे, कडीपाट. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. जुन्या वाड्यात आडवं पडून वर पाहिलं की सगळी रचना उघडी दिसते. आजची पोलादी इमारतही अशीच उभी राहते. कडीच्या जागी लोखंडी तुळई येते आणि पाटाच्या जागी पन्हळी पत्रा, म्हणजे डेकशीट. त्यावर सळ्या अंथरून काँक्रीट ओततात. पत्रा काढायचा नसतो, तो काँक्रीटला धरून कायमचा तिथेच राहतो. काँक्रीटची जाडी, सहसा पाच-सहा इंच, नकाशात लिहिलेली असते. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी साइटवर वाद होतो.

लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या जुन्या घरांत कडीपाटावर काँक्रीटऐवजी माती असते. हेच माळवद. विदर्भ-खानदेशात त्याला धाबं म्हणतात. पाटांवर काटक्या किंवा पाला, त्यावर पांढरी माती धुमसून बसवलेली, मधोमध उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी साणं. घराचा हिशोबही खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत. बाहेर उन्हाचा वणवा असताना आत गारवा. खालच्याला छत आणि वरच्याला अंगण, कारण डाळी, कुरडया, मिरच्या वाळायच्या त्या माळवदावर आणि उन्हाळ्यात अंथरुणंही तिथेच पडायची. डेक शब्दाने जो प्रवास जहाजावर केला, तोच इथे झाला. आच्छादनाची जमीन झाली.

पण ही माती किती जाड हवी, ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं. पावसाळ्याआधी गळती रोखायला नवा थर चढायचा, जुना मात्र सहसा उतरत नसे. आजोबांच्या मातीवर वडिलांची, वडिलांच्या मातीवर मुलाची. कुठे फूट, कुठे दीड फूट, काही घरांवर दोन फुटांपर्यंत. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा टनांहून जास्त वजन, तेही कोरडी असताना. खालून दिसतात फक्त नीटनेटके पाट. ‘स्थग्’चा दुसरा अर्थ इथे आठवतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती फुटल्या आणि ज्या घरांत छत अशा भिंतींवरच टेकलेलं होतं, तिथे ते मातीसकट खाली आलं. मात्र जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, अशा अनेक घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि कडीपाट खांबांवर तसाच उभा राहिला. म्हणून ‘माळवदाने माणसं मारली’ हे मला अर्धंच खरं वाटतं. जुन्या सुताराची खांब-तुळईची जोडणी चोख होती. आपण वर वाढवत नेलेलं ओझं त्याच्या हिशोबात नव्हतं.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. इतर गावांतल्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणात छतावरची माती कमी करणं हा एक मुख्य उपाय होता. लोकांना ते पटवणं सोपं नसतं. माती काढली की घर गळणार आणि तापणार, ही भीती खोटी नाही. त्यासाठी पाटांवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर पातळ थर देता येतो.

अशी घरं अजून आहेत आणि त्यांत माणसं राहतात. ज्यांच्या गावाकडे माळवद असेल, त्यांनी यंदा माती चढवण्याआधी साण्याच्या कडेला मोजपट्टी उभी धरावी. तिथे सगळे थर कापल्यासारखे दिसतात. जाडी वीतभरापेक्षा जास्त भरली, तर जाणत्या माणसाला दाखवून आधी घमेली खाली उतरवावीत. खालच्या खोलीत त्या वेळी कोणी नसावं आणि माती एका बाजूने नव्हे, चारी बाजूंनी सारखी काढावी.