शेकडा दोन आणि फोनचा हिशेब

मी कासारसाईहून बोलते आहे. बचत गटांचं काम बघते.

आज बोलायचंय एआयबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल. नाव मोठं असलं तरी ती आपल्या घरात आलेली आहे. फोनला मराठीत प्रश्न विचारला की तो मराठीत उत्तर देतो. पण त्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा?

गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी ६,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. व्याज शेकडा २. हिशेब लिहिणारी मुलगी म्हणाली, "थांबा, फोनलाच विचारते." फोनने झटक्यात सांगितलं, महिन्याचं व्याज १० रुपये. सगळ्या खूश! तेवढ्यात एक आजी बोलल्या. त्या अजून अंगठाच उठवतात. म्हणाल्या, "अगं, शेकडा दोन म्हणजे महिन्याला. सहा हजाराचे एकशेवीस झाले. दहा रुपयांत गट बुडंल की!"

फोनने २ टक्के वर्षाचे धरले होते. बँक व्याज वर्षाचं सांगते, आपला गट महिन्याचं. आपली रीत आपण त्याला सांगितली नाही, त्यानेही विचारली नाही. असं एआय भरपूर मजकूर वाचवून तयार केलेलं असतं. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येईल, या अंदाजावर ते उत्तर जुळवतं. म्हणून चुकलेलं उत्तरही ते तेवढ्याच ठामपणे देतं.

मग ते वापरूच नये का? तसं नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ऊसशेतीत एआय आणलं आहे. जमिनीतले सेन्सर ओलावा मोजतात, हवामानाची आणि उपग्रहाची माहिती त्यात मिळवतात, आणि पाणी-खत कधी द्यायचं याचा सल्ला फोनवर येतो. तिथे मोजमाप त्याच रानातलं असतं, आणि सल्ला बरोबर होता का, हे उसाच्या वजनावर कळतं. पडताळता येतं, म्हणून भरवसा बसतो.

दुसरी बाजूही ऐका. एआयने माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते. "आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव," असा अनोळखी नंबरवरून फोन आला, तर आवाज ओळखीचा वाटला तरी फोन ठेवा. मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

गटाचे पैसे बँकेतून एकीच्या सहीने निघत नाहीत. म्हणून काय आपला अध्यक्षताईंवर विश्वास नसतो? दुसरी सही असते, म्हणूनच तो टिकतो. तोच नियम फोनला लावू या. अर्जाचा मसुदा करायला, माहिती विचारायला तो खुशाल वापरा. पण पैसा, औषध आणि सरकारी कागद, या तिन्हींत दुसरी सही माणसाची. औषधाला डॉक्टर, योजनेला ग्रामपंचायत, व्याजाला गटाची वही.

आता आमच्या बैठकीत कुणी फोन काढला की आजी विचारतात, "फोन काय म्हणतो ते कळलं. वही काय म्हणते?"

तुमच्याही बैठकीत हे विचारत जा.